एकाच हाताचे एपिसोड

दैनंदिन मालिका लिहिणाऱ्या माणसाला ‘तुमचा सगळ्यात चांगला एपिसोड कोणता?’ असं विचारलं, तर तो एखादा सीन सांगतो. मीही तेच करते. आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. त्यावर चॅनेलच्या सूचना येतात, कलाकारांच्या तारखा येतात आणि सेटवर वेळ संपत आली की दिग्दर्शक दोन सीनचा एक करतो. बावीस मिनिटांचा तो भाग कालच्या भागातून सुरू होतो आणि उद्याच्या भागासाठी एका चेहऱ्यावर थांबतो. अशा कामात बरीच वर्षं गेली की अर्ध्या तासात सुरू होऊन अर्ध्या तासात पुरी होणारी, एकाच माणसानं विचार करून लिहिलेली गोष्ट पाहावीशी वाटते. मला ती रॉड सर्लिंग या अमेरिकी लेखकाकडे मिळाली. त्याचे एपिसोड क्रमानं लावण्याचा नाद लागला आणि त्या नादानं मला माझ्या कामाबद्दल जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याही कार्यशाळेनं शिकवलं नाही.

सर्लिंगकडे मला एका ज्येष्ठ पटकथाकारानं पाठवलं. मी एकांकिकांमधून आलेली. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींत लिहायला शिकलेली. मालिकेत आले तेव्हा माझे सीन लवकर संपतात अशी तक्रार असे. ते म्हणाले, “तू गोष्ट पुरी करून टाकतेस. इथं ते चालायचं नाही. पण ही सवय मोडू नकोस, तिला कुठंतरी खायला-प्यायला घालत राहा.” आणि ‘द ट्वायलाइट झोन’च्या डीव्हीडी माझ्या हातात ठेवल्या.

ही मालिका 1959 ते 1964 या काळात सीबीएसवर चालली. पाच सीझन, 156 एपिसोड. त्यांतले 92 एकट्या सर्लिंगच्या नावावर आहेत. शिवाय निर्मितीची जबाबदारी त्याची आणि प्रत्येक गोष्टीची ओळख करून देणाराही तोच, दुसऱ्या सीझनपासून कॅमेऱ्यासमोर येऊन. पानं मोजली तर आमच्याकडचा संवादलेखक वर्षभरात याहून जास्त लिहीत असेल. पण आमची माणसं तीच असतात, घर तेच असतं, दिवाणखानाही तोच. सर्लिंगला दर वेळी नवी माणसं, नवी जागा आणि त्या जगाचा नवा नियम उभा करायचा होता, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात सगळं आवरून निघायचं होतं. एकांकिका लिहिणाऱ्याला हे अवघड काम लगेच ओळखीचं वाटतं.

क्रम लावायचा म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो ‘त्याचा’ एपिसोड कुठला मानायचा याचा. सर्लिंगच्या नावावरचे फार गाजलेले काही एपिसोड दुसऱ्याच्या कथांवर आहेत. अणुबॉम्बनंतर पुस्तकांच्या ढिगाऱ्यात एकटा उरलेला आणि चष्मा फुटलेला तो बँकेतला कारकून सगळ्यांना आठवतो. पण ‘टाइम इनफ ॲट लास्ट’ची मूळ कथा लिन व्हेनेबल या लेखिकेची. ‘टू सर्व्ह मॅन’ डेमन नाइटच्या कथेवर. मनातला विचार ऐकणाऱ्या लहान मुलाच्या धाकाखाली जगणारं गाव दाखवणारा ‘इट्स अ गुड लाइफ’ जेरोम बिक्सबीच्या कथेवर. हे तिन्ही मी यादीतून बाहेर ठेवले. मित्रमंडळी नाराज झाली. पण पटकथा-संवाद करणाऱ्या बाईला हा फरक कळतो. दुसऱ्याची गोष्ट चांगली बांधणं हे मोठं कसब आहे, आणि माझं पोट त्यावरच चालतं. मला मात्र सर्लिंग स्वतः कुठून सुरुवात करतो ते पाहायचं होतं.

सुरुवातीला मी शेवटांवरून क्रम लावला. ज्याचा धक्का मोठा तो वर. त्या दिवसांत मी रोज ‘हुक’ शोधत होते. एपिसोड कुठल्या चेहऱ्यावर थांबवायचा, कोण दारात उभं दिसेल, कुणाच्या हातात चिठ्ठी सापडेल. गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की कुठला हुक चालला याची चर्चा होई. त्यामुळे ‘आय ऑफ द बिहोल्डर’ माझ्या यादीत बराच काळ सर्वांत वर होता. हॉस्पिटलच्या खाटेवर एक बाई, चेहऱ्यावर पट्ट्या. चेहरा ‘सुधारण्या’चा हा तिचा अकरावा प्रयत्न, आणि सरकारी नियमाप्रमाणे शेवटचा. पट्ट्या निघतात, आत सुंदर चेहरा दिसतो आणि मग उजेडात डॉक्टर-नर्सचे डुकरासारखे चेहरे येतात.

पण तो परत-परत पाहिला तशी माझी नजर शेवटावरून सरकली. तोवरच्या सगळ्या वेळात एकही चेहरा नीट दिसत नाही. दिग्दर्शक डग्लस हेयस आणि कॅमेरामन जॉर्ज क्लेमेन्स यांनी सावल्या, पाठी, पडदे वापरून ते साधलं, आणि त्याचं श्रेय त्यांचंच. पट्ट्यांमागचा आवाज मॅक्सिन स्टुअर्टचा आणि पट्ट्यांखालचा चेहरा डोना डग्लसचा. सर्लिंगनं काय केलं? चेहरे न दाखवताही ऐकावेसे वाटतील असे संवाद लिहिले. थकलेला, रुग्णाबद्दल वाईट वाटून स्वतःच्या सरकारवर हळू आवाजात शंका घेणारा डॉक्टर लिहिला. तो डॉक्टर चांगला माणूस आहे, म्हणून शेवटी त्याचा चेहरा दिसल्यावर प्रेक्षक नुसता दचकत नाही. शेवट ठाऊक असतानाही हा एपिसोड तितकाच धरून ठेवतो. तेव्हापासून माझी कसोटी बदलली: शेवट माहीत असताना दुसऱ्यांदा काय उरतं?

या कसोटीवर यादी भराभर हलली. काही गाजलेले एपिसोड एकदम खाली गेले. ‘व्हेअर इज एव्हरीबडी?’ हा 2 ऑक्टोबर 1959 ला दाखवलेला पहिलाच एपिसोड. रिकाम्या गावात फिरणारा एकटा माणूस. शेवटी कळतं की तो हवाई दलाच्या एकांतवासाच्या प्रयोगातला उमेदवार आहे. पहिल्या वेळी भीती वाटते. खुलासा कळल्यावर गाव पुन्हा रिकामं वाटत नाही, सेट वाटतो. मला तो आता यादीत नको.

सर्लिंगच्या खोडीही याच काळात दिसू लागल्या. तो पटकथा टाइप करत बसत नसे, डिक्टाफोनवर बोलून काढी आणि सेक्रेटरी ती उतरवून घेई. हे वाचल्यावर मला त्याचे संवाद वेगळे ऐकू येऊ लागले. त्याची माणसं बोलतात ती एका दमात, चढत्या सुरात. दुकानदार असो की सैनिक, रंगात आला की सर्लिंगच बोलतो. त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं आणि तो ते सांगून टाकी. संवादलेखकाच्या दृष्टीनं हा दोष आहे. पण मग माझ्या यादीत वर राहिलेल्या एपिसोडकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली आणि मी बराच वेळ वही उघडी टाकून तिचाच विचार करत बसले. त्याचे उत्तम एपिसोड बहुतेक ते आहेत, जिथं भाषण करणं हेच त्या माणसाचं काम आहे.

‘वन फॉर द एंजल्स’ घ्या. रस्त्यावर खेळणी-टाय विकणारा म्हातारा, एड विनने केलेला. धंद्यात सामान्य. मृत्यू त्याला न्यायला येतो, तेव्हा तो आयुष्यात एकदा तरी देवदूत थबकतील अशी विक्री करेपर्यंत मुदत मागून घेतो, आणि मग विक्री करायचंच टाळतो. मृत्यू त्याच्याऐवजी शेजारची लहान मुलगी न्यायचं ठरवतो. मध्यरात्रीची वेळ ठरलेली. म्हातारा रस्त्यावर पेटी उघडतो आणि मृत्यूलाच माल विकू लागतो: टाय, दोरा, काय हाताला येईल ते. मृत्यू इतका गुंतून जातो की बाराचे ठोके निघून जातात. मुलगी वाचते, आणि म्हाताऱ्यानं आपलं वचन पुरं केल्यामुळे आता त्याला जावं लागतं. इथं लांब भाषण आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य घड्याळाशी झुंजतंय. बोलणं हीच कृती आहे. आमच्याकडे संवाद म्हणजे बहुतेक वेळा आधी घडलेल्या गोष्टीची चर्चा. किचनमध्ये एक सून दुसरीला सांगते की हॉलमध्ये काय झालं. हा एपिसोड पाहिल्यावर मी प्रत्येक सीनच्या डोक्यावर पेन्सिलनं लिहू लागले: या बोलण्यानं आत्ता, इथं काय होणार आहे? उत्तर नसेल तर सीन पुन्हा.

‘द ऑब्सोलिट मॅन’ही तसाच. पुस्तकंच नको असलेल्या राज्यात ग्रंथपालाला निरुपयोगी ठरवून मरणाची शिक्षा होते. मरण कसं यावं हे तो निवडू शकतो. तो आपल्या खोलीत, मध्यरात्री, टीव्हीवर थेट दिसेल असं मरण मागतो आणि कुलपतीला भेटायला बोलावून दार बंद करतो. ग्रंथपाल झालेला बर्जेस मेरेडिथ शांतपणे बायबल वाचत बसतो. कुलपती शेवटच्या क्षणी देवाचं नाव घेऊन सुटका मागतो. यात पानंच्या पानं वाद आहे. पण न्यायसभेत आणि कॅमेऱ्यासमोर माणसं अशीच बोलतात. ‘डेथ्स-हेड रिव्हिजिटेड’मध्ये जुना नाझी अधिकारी दाखाऊच्या छळछावणीत मजेनं फेरफटका मारायला येतो आणि तिथले मेलेले कैदी त्याच्यावर खटला चालवतात. 10 नोव्हेंबर 1961 ला तो दाखवला गेला तेव्हा जेरुसलेममध्ये आइकमन या नाझी अधिकाऱ्याच्या खटल्याचा निकाल यायचा होता. तिथंही भाषण आहे, आणि ते तिथं हवंच.

म्हणजे सर्लिंगनं स्वतःची खोड दडपली नाही, तिला लायक जागा शोधली. यावरून मी माझ्या लिखाणाकडे बघितलं. माझी माणसं राग आला की गप्प होतात. रोजच्या मालिकेत ही अडचण, कारण भांडणाचा सीन म्हणजे दोन्हीकडून वाक्यं हवीत. मग मी असा ट्रॅक सुचवला, ज्यात घरातली आजी बोलणंच थांबवते. तिच्या मनाविरुद्ध घर विकायचं ठरलंय. ती रोजची कामं करते, देवपूजा करते, सगळ्यांना वाढते, पण एक शब्द बोलत नाही. चॅनेलला वाटलं, इतक्या मोठ्या अभिनेत्रीला वाक्यं नाहीत म्हणजे पैसे वाया. बाई सेटवर स्क्रिप्ट वाचून म्हणाल्या, “असू दे ग असंच. मला पुरेसं आहे.” जेवणाच्या पंगतीच्या सीनमध्ये त्यांनी मुलाच्या पानात मीठ वाढलं आणि हात क्षणभर तिथंच ठेवला. मालिकेतला माझा सर्वांत आवडता सीन तोच, आणि त्यात माझं एकही वाक्य नाही.

यादीत सर्वांत वर मात्र असा एपिसोड आहे, ज्यात ती खोडही नाही. ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’, 4 मार्च 1960. एका नीटनेटक्या गल्लीतली वीज, फोन, गाड्या एकाएकी बंद पडतात. एक मुलगा म्हणतो, मी गोष्टीत वाचलंय, परग्रहावरचे लोक आधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पाठवून ठेवतात. मोठी माणसं हसतात. मग एका शेजाऱ्याची गाडी आपोआप सुरू होते. कुणाला आठवतं की तो रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे बघतो. त्याला झोप येत नाही, एवढंच. पण आता ते पुरतं. दुसऱ्याच्या तळघरात रेडिओ संच आहे, त्यावर तो कुणाशी बोलतो? रात्री अंधारातून एक माणूस चालत येतो, कुणीतरी घाबरून गोळी झाडतं, आणि मेलेला असतो पलीकडच्या गल्लीत पाहणी करायला गेलेला शेजारीच. यात कुणीही भाषण देत नाही. प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याबद्दलची एक जुनी, किरकोळ गोष्ट काढतो. सगळं भय त्या किरकोळ गोष्टींतून उभं राहतं.

या एपिसोडशी माझं नातं काही वाईट दिवसांनंतर घट्ट झालं. एका मालिकेत आम्ही भाड्यानं खोली शोधणाऱ्या मुलाचा ट्रॅक लिहिला होता. आडनाव कळल्यावर घरमालक नाही म्हणतात. आम्ही ज्या शहरात राहतो तिथं हे रोज घडतं. चॅनेलकडून निरोप आला: आडनाव नको, समाज नको. शेवटी मुलगा गायक झाला आणि उत्पन्न अनिश्चित म्हणून खोली नाकारली, असं दाखवलं. ट्रॅक पुरा झाला, गोष्ट गेली. त्या आठवड्यात मी सर्लिंगचं आधीचं काम वाचत होते. ऑगस्ट 1955 मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला ठार मारलं गेलं आणि मारणारे सुटले. त्यावरून सर्लिंगनं ‘नून ऑन डूम्सडे’ हे टीव्ही-नाटक लिहिलं. प्रायोजकांच्या भीतीपायी मेलेला माणूस कुठलासा परदेशी झाला आणि गाव दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये नेलं. 1956 मध्ये ते अशा रूपात दाखवलं गेलं. दोन वर्षांनी ‘अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट’चंही तेच, काळ मागे ढकलला आणि बळी मेक्सिकन केला.

हा माणूस तेव्हा नवखा नव्हता. 1955 च्या जानेवारीत त्याचं ‘पॅटर्न्स’ थेट प्रक्षेपित झालं आणि इतकं गाजलं की महिन्याभरात कलाकारांना पुन्हा उभं करून ते परत थेट सादर केलं गेलं. त्याच्या नावाला वजन होतं, तरी त्याचं गाव हलवलं गेलं. त्यानंतर तो परग्रहांकडे वळला. लोक याला पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. मेपल स्ट्रीटवर त्यानं संशयाची यंत्रणाच दाखवली, आणि तिच्यातून काढून घेण्यासारखं गाव किंवा आडनाव ठेवलंच नाही.

मी तेच केलं. पुढे एका विशेष भागात मला हाउसिंग सोसायटीची गोष्ट लिहायला मिळाली. टाकीचं पाणी बंद होतं आणि एकाच घरात नळाला पाणी येतं. हे कुटुंब नवं. रात्री उशिरा त्यांच्याकडे कोण येतं, त्यांच्या गॅलरीत कपडे वेगळ्या वेळी का वाळतात, त्यांनी गणपतीची वर्गणी रोख का दिली, असं एकेक निघत जातं. त्यांचं आडनाव मी कुठेही लिहिलं नाही. चॅनेलनं एकही सूचना न देता भाग मंजूर केला. तो प्रसारित झाल्यावर आमच्याच युनिटमधल्या एका लाइटमननं मला विचारलं, “मॅडम, ही आमचीच गोष्ट ना?”

दुसऱ्या क्रमांकावर ‘वॉकिंग डिस्टन्स’ आहे आणि त्याबद्दल मला फार वाद घालायचा नाही. छत्तीस वर्षांचा दमलेला जाहिरातवाला आपल्या बालपणीच्या गावी चालत जातो आणि थेट 1934 सालात पोचतो. गावातला मेरी-गो-राउंड, बँडस्टँड सर्लिंगच्या बिंगहॅम्टन गावच्या बागेतले आहेत, आणि बर्नार्ड हरमनचं संगीत ऐकताना मला लिहिणाऱ्याचा विसर पडतो. वडील त्याला परत जायला सांगतात तो सीन मी नव्या लेखकांना नेहमी दाखवते. आई त्याला ओळखत नाही, वडील ओळखतात, आणि ओळखल्यामुळेच जा म्हणतात. मृत बाप आणि मुलाच्या भेटीचे कितीतरी सीन आमच्याकडे लिहिले जातात. त्यांत बाप इतका कमी बोलेल असं मी अजून पाहिलेलं नाही.

हल्ली मालिकेत यायला निघालेली मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना सर्लिंगचे मूळ कथानकाचे एपिसोड देते आणि क्रम लावून आणायला सांगते. अट एवढीच, की प्रत्येक जागेचं कारण लेखकाच्या निर्णयात सापडलं पाहिजे. नट चांगला, कॅमेरा चांगला, हे कारण चालणार नाही. सुरुवातीला सगळे शेवटांवरून लावतात. मी काही बोलत नाही, पुन्हा पाहायला सांगते.

गेल्या वेळी एका मुलीनं ‘द शेल्टर’ सर्वांत वर ठेवला. डॉक्टरच्या वाढदिवसाला शेजारी जमलेत, रेडिओवर हल्ल्याची सूचना येते, डॉक्टर बायकामुलाला घेऊन तळघरातल्या आसऱ्यात शिरतो आणि मघाचे पाहुणे दार फोडायला लागतात. मग कळतं की ते उपग्रह होते, हल्ला नव्हताच. ती म्हणाली, “मॅडम, मेपल स्ट्रीटवर शेवटी टेकडीवरचे परग्रहवासी दाखवून त्यानं माणसांना थोडं सोडून दिलंय. इथं दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना एकमेकांना तोंड दाखवायचंय.” मी तिला म्हटलं की ‘द शेल्टर’मध्ये माणसं काय वाटतं ते बोलून दाखवतात, मेपल स्ट्रीटवर तसं करत नाहीत. तिनं मान्य केलं नाही. तिच्या मते घाबरलेली माणसं बोलूनच दाखवतात. मी घरी येऊन दोन्ही पाठोपाठ पाहिले. मेपल स्ट्रीट अजून पहिलाच आहे. ‘द शेल्टर’ बराच खाली होता, तो चौथ्यावर आणला आहे, ‘वन फॉर द एंजल्स’च्या लगेच खाली, आणि तिला फोन करून तसं सांगितलं आहे.